काजाचा काळा दोरा

काम तसं साधंच होतं. रात्री साडेअकराच्या शेवटच्या बसने बहीण येणार होती आणि तिला फाट्यावरून घरी घेऊन यायचं होतं. एवढंच. आईने सकाळपासून तीनदा बजावलं होतं, "बस आल्यावर नाही, बस यायच्या आधी तू तिथे उभा असला पाहिजेस." आणि चिरंजीव तिन्ही वेळा मान डोलावून म्हणाले होते, "हो गं आई, लक्षात आहे माझ्या."

तो दिवा जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. हां. आणि टोपीवाल्या, तो कॅमेरा खाली ठेव. मी बोलत असताना माझे फोटो काढलेले मला खपत नाहीत. सुरकुत्या दिसल्या की तुमच्या बोटाला खाज सुटते, ठाऊक आहे मला. तुमच्यासारख्या हौशी मंडळींच्या फोटोंना फ्रेम बसवण्यात माझा जन्म गेला. तोच सूर्यास्त, तीच एकटी होडी, तीच पाठमोरी म्हातारी. माझ्या दुकानात काचेखाली इतके सूर्य मावळलेत की उजाडलंच कसं याचं नवल वाटतं.

मघाशी जेवताना तुमच्यातला एक जण म्हणाला, उद्या तळ्याकाठच्या त्या घरट्यातली पिल्लं जरा पुढे सरकवून घेऊ, म्हणजे उजेड नीट मिळेल. सगळे हसलात. मी हसलो नाही, ते तुमच्या लक्षात आलं नसेल. म्हणून आता ही गोष्ट ऐका. माझ्या ओळखीच्या माणसाची आहे, नाव सांगणार नाही. आमच्या फोटो क्लबात त्याला सगळे 'हलूनका' म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

हलूनका वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसायचा. दिवसभर लोकांचं न ऐकण्याची सवय तिथे लागलेली. सुट्टीच्या दिवशी सोळा खिशांचं जाकीट घालायचा, त्यातल्या पंधरा खिशांत काहीच नसायचं. लग्न असो, वाढदिवस असो, कार्यालयातला निरोप समारंभ असो, हा स्टूलवर चढायचा आणि ओरडायचा, "हलू नका!" लोक ताटकळायचे, लहान पोरं रडकुंडीला यायची, म्हाताऱ्यांचे पाय भरून यायचे. याचं आपलं एकच. थांबा, अजून एक, हलू नका. इतकं करून फोटो कसे यायचे म्हणाल, तर भिंतीला टेकवलेल्या गाद्यांसारखी माणसं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला गडी. कुणी चूक काढली तर लेन्स बदलायचा. नाचता येईना अंगण वाकडं.

क्लबाच्या हॉलमध्ये दारासमोरच एक भिंत आहे. वर्षाच्या स्पर्धेत पहिला आलेला फोटो त्या भिंतीवर वर्षभर टांगतात. सलग काही वर्षं तिथे आमच्या दातांच्या डॉक्टरचेच फोटो लागत होते. तेही काही फार ग्रेट नव्हते, पण डॉक्टर निदान गप्प बसून काढायचा. हलूनकाला ती भिंत हवी होती. तुम्हाला हसू येतंय, पण माणूस भिंतीसाठी काय काय करतो ते पुढे ऐका.

त्याचे वडील शिंपी. गावात त्यांना मास्तर म्हणायचे. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, शेजारी उंच पाठीची लाकडी खुर्ची, आणि मास्तर. माझा हा कोट त्यांनीच शिवलाय, बघा, अजून एक टाका उसवलेला नाही. मास्तर फार बोलायचे नाहीत. पण त्यांच्यासमोर कुणी गाठीचा दोरा कात्रीने कापला की ते हातातलं काम थांबवायचे. "कापू नको, सोड," म्हणायचे. "गाठ घालता येते त्याला सोडताही आली पाहिजे." मग स्वतः नखाने ती गाठ सोडवायचे, दोरा सरळ करायचे आणि अंगठा नि करंगळीवर आठाच्या आकड्यासारखा गुंडाळून, टोक मध्ये खोचून, मशीनच्या खणात ठेवायचे. वीतभर दोरा असला तरी. असा आठ गुंडाळणं पोरांना कधी जमलं नाही. मुलीने थोडाफार प्रयत्न केला. चिरंजीवांनी तेवढाही नाही.

मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, मान एका अंगाला कलली. जीभ जड झाली, पण पार गेली नव्हती. एखादा शब्द निघायचा. कान देऊन ऐकलं तर कळायचा.

त्याच वर्षी स्पर्धेचा विषय निघाला 'घरातली माणसं'. झालं. हलूनकाने ठरवलं, आपल्या घराचा ग्रुप फोटो. मधोमध बाबा त्यांच्या कामाच्या खुर्चीत, अंगात कोट, बाजूला मशीन, खिडकीतून दुपारचा उजेड. कल्पना वाईट नव्हती, बरं का. त्यात एक जिवंत माणूस होता, एवढीच अडचण होती. मास्तरांना बिछान्यावरून उचलून खुर्चीत बसवलं, की ते घसरायचे. उशी लावली, ती फोटोत दिसायला लागली. तेव्हा या पठ्ठ्याने मशीनचा खण उघडला, काज शिवायचा जाड काळा दोरा काढला, चौपदरी केला, कोटाच्या आतून काखेखालून घेतला आणि बापाला खुर्चीच्या पाठीशी आवळून बांधलं. वर कोट सारखा केला. काळ्या कोटाखाली काळा दोरा. दिसतोय कशाला?

आई बघत राहिली. तिला ऐकायला कमी येतं, आणि मुलाला यातलं कळतं असं तिला वाटायचं. बहीण खुर्चीमागे उभी होती, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून. फोटो सुरू झाले. एक, दोन, दहा. आणि मास्तरांचे ओठ हलायला लागले.

बहीण वाकली. तिने ऐकलं. म्हणाली, "अरे, ते सोड म्हणतायत."

"ओठ हलवू नका बाबा," हा स्टूलवरून ओरडला. "फोटो हलतोय."

"ते सोड म्हणतायत, ऐकू येतंय का तुला?"

"काही म्हणत नाहीयेत ते. एकच, ताई. हलू नको."

अशी एकच, एकच करत उन्हं खिडकीतून उतरेपर्यंत त्याने फोटो काढले. मग ती गाठ त्याला सुटेना. घट्ट बसली होती. शेवटी बहिणीने वडिलांचीच कात्री घेतली आणि वडिलांच्या डोळ्यांदेखत तो दोरा कापला. मास्तर त्यानंतर बोलले नाहीत. आठवड्याच्या आत गेले.

फोटो दुसरा आला. पहिला आला डॉक्टर, नेहमीप्रमाणे. फ्रेम मीच केली होती, सागाची, मळखाऊ रंगाची. परीक्षकाने खाली लिहिलं होतं, 'वडिलांच्या चेहऱ्यावरची करारी शांतता.' करारी शांतता म्हणे. गाढवाला गुळाची चव काय.

वडील गेल्यावर बहीण घरात पाय ठेवीना. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. तिचं मागणं एवढंच होतं. बाबा काय म्हणाले होते ते तू एकदा तुझ्या तोंडाने कबूल कर. माफी नको, रडणं नको. आणि हा ऐकायला तयार नव्हता. बाबांना बोलता येतच नव्हतं, त्यांच्या डॉक्टरांना विचार, तुझ्या मनाचे खेळ आहेत. वर्षभर हेच तुणतुणं. मध्ये म्हातारी आई पिचत होती. कोण खरं हे तिला कळायला मार्ग नव्हता, तिच्या कानांनी तिला तेवढी सोय ठेवली नव्हती. शेवटी तिनेच मुलीला गळ घातली, एकदा ये, तो फाट्यावर घ्यायला येईल, तुमचं काय ते बोला. मुलगी म्हणाली, "येते. पण मी उतरेन तेव्हा तो तिथे नसला, तर मी सकाळपर्यंत बाकावर बसेन आणि पहिल्या बसने परत जाईन. मग मला पुन्हा बोलावू नकोस."

तर असं ते साधं काम होतं.

गेल्या वर्षी एप्रिलमधला दुसरा शनिवार. चंद्र पहाटे उगवणार होता. आणि स्पर्धेला फोटो देण्याची मुदत होती रविवार दुपारची. त्या वर्षीचा विषय 'रात्रीचे जीव'.

फाट्याच्या वाटेवर मुरमाची एक जुनी खाण आहे. तिथे हलूनकाला रातव्याची दोन पिल्लं दिसली होती. रातवा तुम्ही पाहिला असेल, निदान पाहिल्याचं सांगत असाल. रात्री उडणारा पक्षी, अंगाचा रंग मातीचा. घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर अंडी घालतो. पिल्लं मुरमात अशी बसतात की पायाखाली येईपर्यंत कळत नाही. रात्री आई जरा लांबून हाक मारते आणि पिल्लं तुरुतुरु तिच्याकडे जातात. रोज जागा बदलते.

आता यात फोटोवाल्याची अडचण कोणती, ते तुम्हाला सांगायला नको. अंधारात फोकस आधीच बांधून ठेवावा लागतो. पिल्लू हातभर सरकलं की सगळं मुसळ केरात. म्हणून या शहाण्याने काय केलं? सूर्य मावळताना खाणीत गेला. एक लांब खिळा मुरमात ठोकला. घरून येताना मशीनच्या खणातून तोच काळा काजाचा दोरा आणला होता. दोन पिल्लांतल्या एकाच्या पायाला तो बांधला आणि दुसरं टोक खिळ्याला. वीतभर मोकळा ठेवला, मोठ्या मनाने. हे काम क्लबातले आणखी दोघं-तिघं करतात, मला माहीत आहे. फ्रेम करताना काचेखाली दोरा दिसतो कधी कधी. मला विचारतात, काका, तो भाग फ्रेमच्या कडेखाली घेता येईल का?

बसायला त्याने पाठीची घडीची खुर्ची नेली होती, भोवती हिरव्या कापडाचा आडोसा. पुढे तिपाईवर कॅमेरा, शेजारी लाल काचेची बॅटरी. फाटा तिथून चालत दहा मिनिटं. त्याने हिशेब मांडला, नऊपर्यंत पिल्लांची आई येईल, दहापर्यंत फोटो होतील, अकराला आपण फाट्यावर. हिशेबात फक्त पक्ष्याला विचारायचं राहिलं होतं.

नऊ वाजले. रातव्याची हाक आली. दगडावर गोटी पडत पडत थांबावी तसा तिचा आवाज असतो, टक, टक, टकटकटक. मोकळं पिल्लू उठलं आणि अंधारात आईकडे निघून गेलं. बांधलेलं पिल्लू उठलं, वीतभर गेलं आणि तोंडावर पडलं. पुन्हा उठलं. पुन्हा पडलं.

दहा वाजले. आई जवळ आली. उजेडाच्या कडेला जमिनीवर उतरली आणि पंख मोडल्यासारखी फरफटायला लागली. रातवा असंच करतो. पिल्लाजवळ शत्रू दिसला की आपण जखमी झाल्याचं सोंग घेऊन त्याला स्वतःकडे ओढतो. आई मरणाचं नाटक करतेय लेकरासाठी, आणि हा आडोशामागे पुटपुटतोय, "काय अॅक्शन आहे!" धडाधड बटण दाबलं. पण तिच्यावर फोकस नव्हता. फोकस खिळ्याजवळ बांधलेला.

"इकडे ये," तो म्हणाला. "पिल्लाजवळ ये. एकदाच."

ती येईना.

त्याने घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा होत आले होते. त्याच्या मनात आलं, आता उठावं. खरंच आलं, तो मला खोटं सांगणार नाही, त्यात त्याला काही फायदा नव्हता. पण डोळ्यासमोर ती भिंत आली. डॉक्टरचा फोटो उतरवतायत, याचा लावतायत. आणखी पाच मिनिटं. पळत गेलं तर गाठता येईल बस.

पिल्लू आता पडूनच होतं. दोरा ताणलेला. चोच उघडी. आवाज येत नव्हता. नुसती चोच उघडायची, मिटायची. उघडायची, मिटायची.

ते बघताना त्याला कसलीतरी आठवण झाली. त्याने ती झटकली. डोळा कॅमेऱ्याला लावला. आणि तेवढ्यात आई आली. अगदी पिल्लाजवळ. बरोबर फोकसात. लाल उजेडात तिचे डोळे दोन निखारे. तिने पंख पिल्लावर धरला. हाच तो फोटो. भिंतीवरचा.

पिल्लाने मान हलवली.

याच्या तोंडून सवयीने निघालं, "हलू नका..."

आणि सगळं थांबलं.

रातकिडे थांबले. पिल्लू थांबलं. कापडाचा आडोसा मघापासून वाऱ्याने फडफडत होता, तोही थांबला. त्याला आधी बरं वाटलं, बघा. फोटो स्थिर येईल म्हणून. त्याने बटणाकडे बोट नेलं.

बोट पोचलं नाही.

काहीतरी अडत होतं. काखेखाली. त्याला वाटलं, जाकीट खुर्चीत अडकलं. पुढे झुकायला गेला. झुकता येईना. काखेखालून, छातीवरून, काहीतरी बारीक. घट्ट. मागे, खुर्चीच्या पाठीला...

त्याने हात लावून पाहिला.

दोरा.

चार पदरी.

मग वास आला. मशीनच्या तेलाचा. कापडावर खुणा करायच्या खडूचा. आणि आजारी माणसाच्या बिछान्याचा. मागून. अगदी जवळून.

तो वळला नाही. वळता आलं नसतं, आणि आलं असतं तरी... नसता वळला.

कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं. जड. एका अंगाने. शब्द जुळवायला वेळ लागणाऱ्या माणसाचा श्वास असतो तसा. तो थांबून राहिला. हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा हलूनका हलला नाही.

"स..."

त्याने डोळे मिटले.

"सो..."

दूर फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. दिव्यांचा उजेड झाडांवरून सरकत गेला. बस थांबली. कुणीतरी एकच जण उतरलं असणार. बस गेली. आवाज विरला. बहीण उतरली होती आणि हा तिथे नव्हता.

"सोड."

स्पष्ट. बापाचा आवाज. झटका यायच्या आधीचा नाही, नंतरचा. अर्ध्या तोंडाचा.

त्याने काखेखालच्या दोऱ्याला नखं लावली. गाठ हाताला लागेना. जिथे बोट नेलं तिथे दोराच होता, गाठ नव्हतीच. मग त्याच्या ध्यानात आलं, काय सोडायचं ते. आपल्याला नाही. पिल्लाला.

तो खुर्चीसकट तोंडावर पडला. आडोसा अंगावर आला, तिपाई कलली. पाठीला खुर्ची घेऊन, गोगलगाईसारखा, मुरमातून सरपटत खिळ्यापर्यंत गेला. पिल्लाची आई तिथून हलली नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं. हाताच्या अंतरावर बसून राहिली. त्याने पिल्लाचा पाय धरला. केवढासा पाय. गाठ त्याचीच. घट्ट बसलेली. नखं बोथट. गाठ सुटेना. जन्मात एक गाठ सोडली नव्हती गड्याने, ती आता कशी सुटावी?

त्याने दोरा दातात धरला.

"कापू नको."

दात उघडले. दोरा सुटला.

"बाबा..." तो म्हणाला. "बाबा, मला येत नाही."

लाल बॅटरी मिणमिणली आणि गेली. नुसता अंधार. आणि त्या अंधारात, त्याच्या हातांच्या अगदी शेजारी, जमिनीपाशी, बारीक आवाज. कापडातून दोरा ओढून घेताना होतो तसा. सावकाश. घाई न करता...

सर्र...

सर्र...

मग काखेखालचं ते आवळणं सैल झालं.

आता एखादा माणूस काय करील? पिल्लू सुटलं का, एवढं तरी चाचपून पाहील की नाही? हा पळाला. कॅमेरा टाकून, बॅटरी टाकून, सोळा खिशांचं जाकीट काट्यात फाडून घेत, थेट फाट्याकडे. माझा त्याच्यावर राग आहे तो याच गोष्टीसाठी. मला हे सांगताना तो म्हणाला, काका, मी घाबरलो होतो. मी म्हटलं, पिल्लूही घाबरलं होतं, त्याला पळता येत नव्हतं.

फाट्यावर बहीण बाकावर बसली होती. पिशवी मांडीवर, पाठ ताठ. तिने त्याला धापा टाकत येताना पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती उठली नाही. "घरी जा," म्हणाली. "मी सकाळची गाडी धरेन."

तो तिच्यासमोर उभा राहिला. अंगभर मुरूम, दाताला माती. काय झालं ते सांगेल असं तिला वाटलं असेल. बस चुकली, टायर पंक्चर झालं, काहीतरी. तो म्हणाला, "ताई, बाबा सोड म्हणत होते."

तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मला तेव्हाही ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "तू सांगायच्या आधी ऐकू आलं होतं. मी तरी फोटो काढले."

मग त्याने खाणीतलं सगळं सांगितलं, तुटक तुटक, पुढचं मागे आणि मागचं पुढे. तिने भुताबिताबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "पिल्लाचं काय झालं?"

"माहीत नाही."

"बघितलं नाहीस?"

त्याने बाहीने दाताची माती पुसली.

"असलं काही फक्त तुलाच सुचतं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून खाणीकडे चालायला लागली. तो मागून आला. तिच्या फोनच्या उजेडात त्यांनी जागा शोधली. घडीची खुर्ची उताणी पडली होती. तिला दोरा नव्हता. तिपाई कललेली. खिळा मुरमात जिथल्या तिथे. खिळ्याला दोरा नव्हता. तुटलेलं टोकसुद्धा नाही. पिल्लू नव्हतं. पीस नाही, रक्त नाही. लांबून, खाणीच्या पलीकडून, आईची हाक येत होती. टक, टक, टकटकटक.

बहिणीने सगळीकडे उजेड फिरवला. मग म्हणाली, "चल घरी. आई जागी असेल."

आई जागीच होती. दाराला आतून कडी होती, ती तिने यांच्यासाठी काढली. दोघांना एकत्र पाहून तिने मुलीचा हात धरून ठेवला. मुलाने तिच्या कानाशी वाकून तेच सांगितलं, जोरात, दोनदा. बाबा सोड म्हणत होते. म्हातारी खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं." आणि जरा वेळाने, "एवढं सांगायला वर्ष लागलं तुला?"

मग बहिणीचं लक्ष खुर्चीकडे गेलं. मास्तरांच्या खुर्चीकडे. तिच्यात वर्षभर कुणी बसलं नव्हतं. बैठकीवर काळ्या दोऱ्याची एक गुंडी होती. आठाच्या आकड्यासारखी. टोक मध्ये खोचलेलं.

"ही तू ठेवलीस का?" तिने आईला विचारलं.

आईने पाहिलं. "मला कुठे येते तशी गुंडाळायला?" ती म्हणाली.

हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचारणार. सोमवारी बहीण माझ्या दुकानात आली. बगलेत ती सागाची फ्रेम, करारी शांततेवाली. म्हणाली, "काका, यातला फोटो काढा आणि हे बसवा." आणि पदराच्या गाठीतून तिने ती गुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. मागून हलूनका आत आला, दुकानाच्या पायरीवर बसला आणि पहिल्यांदा मला सगळं नीट, क्रमाने सांगितलं. कॅमेरा त्याने खाणीतून आणलाच नाही. कुणीतरी नेला असेल. डॉक्टरचाच फोटो यंदाही भिंतीवर आहे.

मी फ्रेम उघडली. फोटो काढून तिच्या हाती दिला. तिने तो दुमडला नाही, फाडला नाही, पालथा करून ठेवला. पांढऱ्या कागदावर ती गुंडी ठेवली आणि काच लावायच्या आधी, कामाची सवय म्हणून, भिंगातून पाहिली. मास्तरांचंच काम. तसे घट्ट, सारखे वेढे या गावात दुसऱ्या कुणाचे नव्हते. दोरा अखंड होता. कापल्याची खूण नाही, चावल्याची नाही. मधेच एका जागी तो किंचित चुरगळलेला होता, गाठ बसून मग सुटल्यासारखा.

आणि आठाच्या मधोमध, जिथे वेढे एकमेकांवरून जातात तिथे, पिल्लाच्या अंगावर असते तशी, मातीच्या रंगाची, नखाएवढी लव अडकलेली होती.